बाबांची फियाट आणि पंधरा रिकाम्या काडेपेट्या

बाबा गेले आणि वर्षश्राद्धानंतर वाटणीचं बोलणं निघालं तेव्हा बेळगावातलं शहापूरचं घर भावाकडं राहणार हे ठरलेलंच होतं, मला काय हवं असं भावानं विचारलं तर माझ्या तोंडून पटकन 'गाडी' असं निघून गेलं. तो हसला. आई हसली नाही. "कशाला घेऊलीस तो डबा, भंगारवाला पण उचलायचे पैसे मागंल," एवढं बोलून ती आत गेली.

गाडी म्हणजे १९७९ ची प्रीमियर पद्मिनी. पुढं बॉनेटवर पद्मिनी लिहिलेलं असलं तरी आमच्या गल्लीत तिला कुणी पद्मिनी म्हणलेलं मी ऐकलं नाही, फियाटच. फियाट ११०० चंच ते रूप, मुंबईत कुर्ल्याला बनायची. १०८९ सीसीचं इंजिन, कागदावर ४० बीएचपी, हँडलला गियर, चारी चाकांना ड्रम ब्रेक. आजकालच्या सगळ्यात छोट्या गाडीलाही यापेक्षा जास्त ताकद असते हे मला भाच्यानं सांगितलं, तो पुण्यात इंजिनियरिंगला आहे, आणि त्यानंच मला फोनवर व्हिडिओ पाठवून पाठवून डोक्यात भरवलं की आत्या तू हिला नुस्ती चालू करू नकोस, अपग्रेड कर. डबल कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, एकाच्या जागी दोन), मोकळा सायलेन्सर, कोनासारखा एअर फिल्टर, रुंद टायर. मी सोसायटीत हिशेब बघणारी बाई, स्पॅनरचा आकडा म्हंजे मिलिमीटर की इंच हे मला माहीत नव्हतं, पण यादी करायला मला आवडतं, म्हणून मी यादी केली.

ती यादी घेऊन उद्यमबागेत गेले. बाबा ज्या मिस्त्रींकडं जायचे ते अजून तिथंच आहेत, खानापूर रोडवरून आत वळलं की फाउंड्र्या आणि लेथवाल्यांच्या मधे पत्र्याचं शेड. ते कन्नड बोलणारे, मराठी पण बेळगावीच, दोन्ही एकाच वाक्यात. यादी त्यांनी चष्मा वर करून वाचली, घडी घातली आणि माझ्याच हातात परत दिली. "अक्का, मोदल निंदरबेकु, आमेल ओडबेकु." आधी थांबायला पाहिजे, मग पळायला. तेव्हा मला जरा राग आला, वाटलं बाई बघून टाळताहेत.

गाडी तीन वर्षं घरच्या शेडमधे उभी होती. त्यांनी मला पहिल्यांदा जे सांगितलं ते हेच की कुणाच्या सांगण्यावरून बॅटरी जोडून किल्ली फिरवू नको. प्लग काढायचे, चारी भोकांतून चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं, एक रात्र तसंच ठेवायचं, मग पुढच्या पुलीवर पाना लावून हातानं इंजिन फिरतंय का बघायचं, म्हणजे पिस्टनच्या रिंगा चिकटल्या असतील तर जोरानं ओढून मोडत नाहीत. मी हे स्वतः केलं, एका रविवारी, आईच्या जुन्या साडीवर गुडघे टेकून. अर्धा फेरा होईपर्यंत घाम फुटला आणि मग एकदम 'फुस्स' करून सुटलं. तो आवाज ऐकून जो आनंद झाला तो मला सोसायटीच्या ऑडिटमधे ताळेबंद जुळल्यावरसुद्धा झाला नव्हता.

तर त्याच दिवशी ग्लोव्ह बॉक्स साफ करताना काडेपेट्या सापडल्या. पंधरा. सगळ्या रिकाम्या, काहींच्या कडा कात्रीनं कापलेल्या. बाबा विडी सिगरेट ओढत नव्हते, निदान आमच्यासमोर तरी. आईला दाखवल्या तर ती म्हणाली, "मला माहीतच होतं." एवढंच. पुढचे दोन दिवस घरात त्या विषयावर शांतता.

गाडी ओढत उद्यमबागेत नेली. पहिला महिना आणि पहिले जास्तीचे पैसे ब्रेकमधे गेले. या गाडीला चारही चाकांचा ब्रेक एकाच लायनीवर चालतो, म्हंजे एका चाकाचा व्हील सिलिंडर गळला की पेडल थेट पायाखाली आणि चारही गेले. आमच्या दोन चाकांचे सिलिंडर आतून गंजून जाम झालेले, रबरी होजपाइप बाहेरून बरे दिसायचे पण वाकवले की भेगा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ते पाणी आतून लोखंड खातं, म्हणून गाडी चालो न चालो, दोन वर्षांनी ते बदलायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. सगळे रबर किट नवे, होज नवे, ड्रम लेथवर हलकेच टर्न करून घेतले, नवे लायनर लावले. ब्रेकच्या पाइपातली एअर काढायला मीच पेडलवर बसले होते, मिस्त्री खालून ओरडणार 'दाब', मी दाबणार, 'सोड', मी सोडणार, असं तासभर. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला हे अपग्रेड नव्हे, रिपेअर आहे. पहिल्यांदा शेडबाहेर काढून मी ब्रेक मारला आणि गाडी डावी उजवी न ओढता सरळ उभी राहिली, तेव्हा मी त्याला म्हणलं तुझं तू काय ते नाव दे बाबा.

पुढचा चालू केल्यावर लक्षात आलेला प्रकार म्हणजे लाइट. आरपीडी कॉलेजच्या सिग्नलला उभं राहिलं की हेडलाइट पिवळे, जवळजवळ विझल्यासारखे, ॲक्सिलरेटर दाबला की परत उजळायचे. कारण गाडीला जुना डायनामो, म्हंजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र. डायनामो इंजिन हळू फिरत असताना जवळजवळ काहीच देत नाही, बॅटरीच खाऊन लाइट चालतात. जुन्या काळी सिग्नल कुठं होते एवढे. हा माझा पहिला खरा अपग्रेड आणि नवशिक्यानं काही एकच करायचं असेल तर मी हाच सांगेन: डायनामो काढून अल्टरनेटर, त्याचंच नवं रूप, इंजिन हळू फिरतानाही वीज देणारं. मारुती ८०० चा चालतो, भंगार बाजारात चांगल्या स्थितीतला मिळतो, मला अडीच हजाराला मिळाला. तो जसाच्या तसा बसत नाही, ब्रॅकेट बनवून घ्यावी लागते, आणि उद्यमबागेत राहायचा फायदा इथं कळतो, समोरच्याच लेथवाल्यानं पट्टी कापून, भोकं पाडून, संध्याकाळपर्यंत दिली. पुल्या एका रेषेत यायला पाहिजेत, नाहीतर बेल्ट एका बाजूनं खातो. मिस्त्रींनी एक सरळ गज दोन्ही पुल्यांना टेकवून बघितला, दोन मिलिमीटर फरक निघाला, वॉशर घातला.

इथं माझी पहिली चूक. जोडणी मी करते म्हणलं, वायरिंगचा कागद बघून केलीही, जुना रेग्युलेटर बाजूला काढला (अल्टरनेटरमधे त्याचा स्वतःचा असतो), चार्जिंगचा दिवा किल्ली फिरवल्यावर लागायचा आणि इंजिन चालू झाल्यावर विझायचा, सगळं बरोबर. पण अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची वायर मी जुनीच ठेवली, डायनामोच्या वेळची बारीक. तिसऱ्या रेल्वे गेटला फाटक पडलं होतं, लाइट चालू, आणि मला रबर जळाल्याचा वास यायला लागला. हात लावला तर वायर चटका देणारी. तिथंच किल्ली बंद केली. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त जाड वायर आणि एक मोठा फ्यूज आणून दिला आणि शेजारी बसून सिगरेट पेटवली. तेव्हा मला काडेपेटी आठवली.

विचारलंच मी. ते इतके हसले की ठसका लागला. मग बॉनेट उघडलं, प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची (ते डेल्को म्हणतात) टोपी काढली आणि आतले पॉइंट दाखवले. दोन छोटी टिकल्यांसारखी टोकं असतात, इंजिन फिरतं तशी उघडतात मिटतात, उघडतात तेव्हा कॉइलमधून प्लगला ठिणगी जाते. पूर्ण उघडल्यावर त्यांच्यात साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर फट पाहिजे. फीलर गेज नसेल तर काडेपेटीचा पुठ्ठा त्या फटीत सरकवून बघायचा, अडकत जाणारा पण ओढला की सुटणारा, तेवढी फट बरोबर. "तुमचे बाबा गेज घेत नव्हते," ते म्हणाले, "माझ्याकडचा देऊ म्हणलं तर नको, काडेपेटी बरी." टिकल्या जळून खड्डे पडतात, फट बदलते, म्हणून महिना दोन महिन्याला हे करावंच लागायचं.

घरी येऊन आईला सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मिस्त्री पण ओढतोय न्हवं? तो असंच सांगणार."

असो. वायर बदलल्यावर हेडलाइटला रिले घातले. रिले म्हंजे लाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या चाळीस वर्षं जुन्या स्विचमधून न जाता बॅटरीकडून सरळ जातो, स्विच फक्त इशारा देतो. ६० वॉटचा एक बल्ब १२ व्होल्टला ५ अँपियर घेतो, दोन बल्बचे १०, तेवढं त्या बिचाऱ्या स्विचमधून आणि लांबलचक वायरीतून जाताना व्होल्टेज वाटेतच गळतं. रिले आणि जाड वायर मिळून हजारच्या आत झालं आणि हिंडलगा रोडवर रात्री पहिल्यांदा मला खड्डा पडायच्या आधी दिसला. भाचा शंभर वॉटचे बल्ब घाल म्हणत होता. नाही घातले, समोरच्याच्या डोळ्यांचं जाऊदे, कायद्यात बसत नाहीत आणि होल्डरसुद्धा वितळतात.

मग पाणी. गाडी वंटमुरी घाटात नेली, चढ काही फार मोठा नाही पण ट्रकच्या मागं दुसऱ्या गियरवर अडकलं की काटा लाल पट्ट्याकडं. रेडिएटर उघडला तर आत बोरच्या पाण्याचा पांढरा थर, किटलीत साठतो तसा. नळ्या साफ करून घेतल्या, नवा कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून घातला. शिवाय थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप) कुणीतरी कधीतरी काढून फेकलेला होता. हा आपल्याकडचा सगळीकडचा उद्योग आहे, गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढायचा, त्यानं इंजिन लवकर तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं, आतली झीज वाढते, आणि मूळ आजार रेडिएटरात तसाच राहतो. नवा बसवला. या गाडीचा हेड, म्हंजे इंजिनचं वरचं झाकण, ॲल्युमिनियमचा आहे, एकदा भरपूर तापला की वाकतो आणि मग गॅस्केट जातं, म्हणून इथं हात आखडायचा नाही.

त्यावर मी इलेक्ट्रिक पंखा बसवला, आता अल्टरनेटर होता म्हणून परवडणारा होता, डायनामोवर हा नाद करायचाच नाही. आणि ही माझी दुसरी चूक. पंखा बसवला, थर्मो स्विचवर आपोआप सुरू व्हायचा, आवाज झकास, आणि गाडी आधीपेक्षा जास्त गरम! दोन दिवस मी कूलंट बघतेय, बेल्ट बघतेय, कॅप बदलतेय. शेवटी शेजारच्या लेथवरच्या पोरानं, वय असेल अठरा, तरुण भारतचं पान आणून जाळीसमोर धरलं. पान जाळीला चिकटायला पाहिजे होतं, ते उलट त्याच्या तोंडावर आलं. मी दोन वायरी उलट्या जोडलेल्या, पंखा उलटा फिरून इंजिनची गरम हवा पुढं ढकलत होता आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडत होता. वायरी बदलायला अर्धं मिनिट लागलं. त्या पोराला मी पेढा दिला, तो अजून मला बघून पेपर हलवून दाखवतो.

टायरचं थोडक्यात. मूळचे ५.२०-१४ चे जुन्या पद्धतीचे क्रॉसप्लाय. दुकानदार मला १८५ रुंदीचे घ्या म्हणत होता, गाडी दणकट दिसते म्हणे. रिम अरुंद, त्यावर एवढा टायर नीट बसतच नाही आणि वळताना आतल्या पत्र्याला घासतो, म्हणून १५५ चे रेडियल घेतले, उंची मूळच्याइतकीच येते, त्यामुळं स्पीडोमीटरही खोटं बोलत नाही. जुन्या रिममधे ट्यूब घालूनच बसवले. माझ्या मते पैशाच्या मानानं सगळ्यात मोठा फरक टायरनं पडला, पूर्वी रस्त्यावरच्या प्रत्येक चरीबरोबर स्टिअरिंग स्वतःच्या मनानं जायचं ते थांबलं. उभ्या गाडीचं स्टिअरिंग मात्र आता जड लागतं. त्यासाठी पुढचे सगळे ग्रीस निपल साफ करून ग्रीस मारलं, काहींवर पस्तीस वर्षांचा डांबरासारखा थर होता. हँडलच्या गियरचे बुश पण बदलले, बाबा गियर टाकायच्या ऐवजी गियर शोधायचे, ते आता सापडतात.

आता कार्ब्युरेटर, म्हणजे जिथं भाच्याला वाटत होतं की सगळी मजा आहे. आमच्यात काय झालं, गाडी चालू लागल्यावर महिन्याभरात पेट्रोलचा वास यायला लागला, आणि पेट्रोल पंपाचा डायाफ्राम (इंजिनवरचा, यांत्रिक) फुगून मऊ झालेला. कारण आताचं पेट्रोल. त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुन्या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. मिस्त्री म्हणाले तुमच्याच मराठी लोकांचा ऊस, तुमच्याच गाडीचं रबर खातोय. खरं आहे, निपाणी, चिक्कोडी, अथणी, आमचा सगळा पट्टा उसाचा आणि कारखान्याच्या डिस्टिलरीचा, माझ्या मामांचा ऊस दरवर्षी जातो, त्यातला एखादा थेंब फिरून माझ्या टाकीत आला असणार आणि त्यानं डायाफ्राम खाल्ला. सगळे पेट्रोल पाइप इथेनॉल सोसणारे घातले, डायाफ्राम नवा, टाकी काढून आतला जुना चिकट राळेसारखा गाळ धुतला, पाइपमधे एक पारदर्शक फिल्टर लावला. पहिल्या आठवड्यात तो फिल्टर चहासारखा झाला, दोनदा बदलला. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवायची नाही, इथेनॉल पाणी ओढतं.

इथेनॉलमधे लिटरमागं ताकद पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते आणि त्याला हवेच्या मानानं इंधन जास्त लागतं, म्हणून जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मिश्रण पातळ पडतं. गाडी थंडीत खोकायची, ॲक्सिलरेटर एकदम दाबला की गप्प व्हायची. प्लग काढून बघितले तर पोर्सलीनची टोकं पांढरीफटक, फिकट चॉकलेटी हवी होती. कार्ब्युरेटरचं किट एकदा चुकीचं आलं, पाकीट हुबेहूब, आतली सुई बसतच नव्हती, पैसे गेले. पद्मिनीचे पार्ट आता शोधावेच लागतात, मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी होत्या तोवर माल फिरत होता, २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. शेवटी मुंबईला ऑपेरा हाऊसकडच्या पार्ट बाजारात भावाला दोनदा पाठवलं (त्यालाही गाडीत जरा रस आला होता, कबूल करत नाही) आणि काही तुकडे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात करून घेतले. एक नंबर मोठा मेन जेट, फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) उंची नीट, आणि गाडी अशी काही सरळ ओढायला लागली की मी दोन कार्ब्युरेटरचा विषयच सोडला. मोकळा सायलेन्सर पण सोडला. आवाज वाढतो, ताकद काही वाढत नाही, आणि आमच्या गल्लीत सकाळी सहाला गाडी काढली तर मला वाळीत टाकतील.

हिशेब ठेवायची सवय म्हणून सांगते, वंटमुरीचा तोच चढ आधी तिसऱ्या गियरवर ३५ ला मरायचा, आता ५० नं जातो. लिटरला ९ किलोमीटर द्यायची, आता १३ च्या आसपास. ४० घोडे कागदावर होते, त्यातले वीसेक शेडमधे झोपलेले, ते उठले एवढंच.

कागदपत्रांचं एवढंच की वारसानं गाडी नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत अर्ज, मी दोन्ही मुदती घालवल्या होत्या, तुम्ही घालवू नका. पंधरा वर्षांनंतर आरसी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, फिटनेस दाखवून. सगळे फॉर्म कन्नडमधे, माझं कन्नड वाचण्यापुरतं आहे, तिथं शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी दोन रकाने भरून दिले. इंजिन बदलणं, बॉडीत काही कापणं असलं परवानगीशिवाय चालत नाही, म्हणून मी जे केलं ते सगळं असं केलं की उद्या काढून मूळचं परत लावता येईल. काढलेला डायनामो अजून आईच्या पलंगाखाली आहे.

शेवटचं काम इलेक्ट्रॉनिक इग्निशन. पॉइंट काढायचे आणि त्या जागी एक छोटा सेन्सर बसवायचा, टिकल्या जळायचा प्रश्नच नाही, आयडलिंग घड्याळासारखं, सकाळी पहिल्या फेऱ्यात गाडी चालू. यानं पण ताकद वगैरे वाढत नाही, कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मिस्त्रींनी मनापासून बसवून दिलं पण शेवटी जुनी पॉइंटची प्लेट, कंडेन्सरसकट, प्लास्टिकमधे गुंडाळून डिकीत टाकली. म्हणलं कशाला हे ओझं. "इरली," म्हणाले. असू दे.

जुलैच्या एका रविवारी आंबोलीला निघालो, मी, नवरा, आणि आई. आई यायला तयार झाली हेच नवल, डबा म्हणणारी बाई कडक लाडवांची पिशवी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर, खिडकीची छोटी तिरकी काच उघडून. हिंडलगा, सुळगा, बाची, मग शिनोळीला महाराष्ट्र. पाऊस बारीक. आई म्हणाली हे असंच जायचो आम्ही, तू पोटात होतीस. गाडी ६० नं अशी जात होती की मला वाटलं आता काही करायचं राहिलंच नाही.

पाटणे फाटा मागं गेला आणि गाडी एकदम बंद. खोकली नाही, धक्का नाही, नुस्ती शांत. चार्जिंगचा दिवा लाल. रस्त्याकडेला चहाची टपरी होती तिथपर्यंत वेगावरच आणली. पेट्रोल आहे, फिल्टर स्वच्छ. प्लग काढून हेडला टेकवला, नवऱ्याला किल्ली मारायला सांगितली, ठिणगी नाही. वायरी हलवल्या, फ्यूज बघितले. सेन्सरचं डबडं गेलेलं, आणि त्याला दुरुस्त करायला त्यात काही नसतंच, सगळं काळ्या लाखेत बंद. मिस्त्रींना फोन लावला, त्यांनी उचलला, मी सांगितलं, तिकडून फक्त "डिकी" असं म्हणून ठेवून दिला.

प्लेट बसवायला वीस मिनिटं लागली, दोन बारीक स्क्रू, त्यातला एक पडला आणि टपरीवाल्याच्या पोरानं चिखलातून शोधून दिला. फीलर गेज घरी, टेबलावर. मी टपरीवाल्याला म्हणलं, मामा काडेपेटी द्या. त्यानं पेटवूनच पुढं केली. म्हणलं पेटवून नको, पेटीच द्या.

टॉप गियर टाकून नवरा आणि टपरीवरची दोन पोरं गाडी इंच इंच पुढं ढकलत होती, मी टोपी काढलेल्या डिस्ट्रिब्युटरवर वाकून बघत होते कधी टिकल्या पूर्ण उघडतात, 'थांबा' म्हणलं, काडेपेटीच्या आतल्या खणाचा एक तुकडा फाडून फटीत सरकवला, स्क्रू आवळला, तुकडा ओढून बघितला. अडकतोय पण सुटतोय. आई छत्री घेऊन खाली उतरली होती आणि माझ्या खांद्यावरून सगळं बघत होती, एक शब्द न बोलता. किल्ली मारली. दुसऱ्या झटक्याला चालू. जरा खडबडत होती, ठिणगीचं टायमिंग अंदाजानं ठेवलं होतं ना, पण चालू.

मी हात पुसत आईकडं बघितलं. म्हणलं, बघितलंस? कळलं का आता काडेपेट्या कशाला होत्या?

तिनं माझ्या हातातला तो पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, उलटा सुलटा करून बघितला, आणि लाडवांच्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात ठेवला. मग गाडीत बसून दार ओढून घेतलं आणि काचेतून म्हणाली,

"ते कळलं. पण एका पेटीतून असले चार तुकडे निघतात. पंधरा पेट्यांतल्या काड्या कुठं गेल्या?"